नेदरकोटच्या मुक्या घंटा

नेदरकोट, ऑक्सफर्डशर
२९ मे १९७२

प्रिय ऑलिव्ह,

तुझा राजा गेला.

काल सकाळी रेडिओवर सांगितलं. पॅरिसमध्ये, घशाच्या कॅन्सरने. मी अंडं उकडायला ठेवलं होतं, ऐकता ऐकता ते दगड झालं आणि मी ते तसंच खाल्लं. कॅनडाच्या रेडिओवरही सांगितलं असेलच, आणि तू सास्काटूनच्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात बसून रडली असशील. लाजू नकोस. छत्तीस सालच्या डिसेंबरात त्याने राज्य सोडल्याचं भाषण केलं तेव्हाही आपल्या घरात तूच रडली होतीस. बाबांनी मध्येच रेडिओ बंद केला, तर तू जिन्यात जाऊन रडलीस. त्याचा फोटो तुझ्या बायबलमध्ये होता हे बाबांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

तो फोटो अजून आहे ना? खरं सांग.

मार्चमधल्या माझ्या पत्राला तू चार ओळींचं उत्तर धाडलंस. "बाबांना ते चाललं नसतं." बाबांना जाऊन तेवीस वर्षं झाली, ऑलिव्ह. त्यांना आता काय चालतं आणि काय नाही, हे तुला समुद्रापलीकडून कसं कळतं?

मी पुन्हा सगळं सरळ लिहिते, म्हणजे नीट समजलं नव्हतं असं म्हणायला तुला वाव नको. माझा नवरा सिरिल फेब्रुवारीत गेला. खाणकामगारांचा संप चालू होता, वीज नव्हती, मेणबत्तीच्या उजेडात गेला. त्याची रक्षा एका तपकिरी डब्यात, त्याच्या खोगिरं शिवायच्या बाकावर ठेवली आहे. ती मला आई-बाबांच्या कबरीत ठेवायची आहे, म्हणजे माझी वेळ आली की मलाही तिथे त्याच्याजवळ जाता येईल. कबरीचा हक्क तुझ्यामाझ्या दोघींच्या नावावर आहे, म्हणून आमचे पाद्री लॅथबरी म्हणतात, बहिणीची संमती लेखी आणा. केकच्या डब्याएवढी जागा लागणार आहे. त्यासाठी तुझी एक सही हवी.

आणि सिरिलचा गुन्हा तरी कोणता? पहिली बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली. तेव्हाच्या कायद्यात कुणाच्या तरी व्यभिचाराचा पुरावा दिल्याशिवाय घटस्फोट मिळत नसे. तिचं नाव खराब होऊ नये म्हणून या शहाण्याने तो आपल्या अंगावर घेतला. ब्रायटनच्या हॉटेलात पैसे देऊन आणलेल्या एका बाईबरोबर रात्रभर पत्ते खेळत बसला, आणि सकाळी चहा घेऊन आलेल्या मोलकरणीने दोघांना एका खोलीत पाहिलं. झाला पुरावा. त्या बाईने पत्त्यांत त्याला नागवलं, हे मात्र तो मरेपर्यंत विसरला नाही.

तुझा राजा दोनदा घटस्फोट झालेल्या बाईसाठी सिंहासन सोडून गेला, तर त्याला तू बायबलमध्ये जागा दिलीस. माझ्या सिरिलला तू आजवरच्या एकाही पत्रात नावाने लिहिलं नाहीस. "तो माणूस" लिहितेस. त्या माणसाचं नाव सिरिल होतं. लिहून बघ, हात झडत नाही.

सहीची वाट बघते.

हेटी


नेदरकोट
२ जून १९७२

प्रिय ऑलिव्ह,

परवा तुझ्या राजाला आणलं. पलीकडच्या हवाई तळावर विमान उतरलं. मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते, ते अगदी डोक्यावरून गेलं. शेजारची आयव्ही पोकॉक कुंपणाला टेकून म्हणाली, "आला गं आला. गेला होता गुपचूप रात्रीच्या बोटीने, आणि आलाय बघ कसा, सरकारी विमानाने."

"निदान आला," मी म्हणाले.

"मेल्यावर आला, हेटी. त्याला काय आलं म्हणतात?"

काल संध्याकाळी घंटांचा सराव होता. तू कॅनडाला गेलीस तेव्हा, घटस्फोटिताशी लग्न केलं म्हणून चर्चने माझ्या हातून घंटेचा दोर काढून घेतला होता, म्हणून तुला वाटत असेल की मी अजून भिंतीबाहेर उभी राहून ऐकते. नाही बाई. युद्धानंतर सहा घंटांना दोन म्हातारे उरले, तेव्हा जुने पाद्री स्वतः माझ्या दारात आले होते. हातात टोपी घेऊन. मी त्यांना म्हटलं, येते, पण मागच्या दाराने नाही येणार. आज मी या घंटावाल्यांची मुकादम आहे. सिरिल मात्र कधी आत आला नाही. "मला नको म्हणालेल्या घरात मी दोनदा जात नाही," म्हणायचा. मी वाजवत असले की फाटकाबाहेरच्या दगडावर पाइप ओढत बसायचा. बावन्न साली तुझ्या राजाचा भाऊ गादीवर असताना गेला, तेव्हा आवाज दबका करायला घंटांच्या लोलकांना बांधायची चामडी कुजून गेली होती. ती कुणी शिवून दिली? सिरिलने. जुन्या खोगिराच्या चामड्यातून. फाटकावर माझ्या हातात दिली आणि तिथूनच परत गेला. आजही आम्ही तीच बांधतो.

काल पाद्रीसाहेब मनोऱ्यात आले. शनिवारपासून त्यांची दाढ ठणकते आहे, त्यामुळे स्वभाव नेहमीपेक्षा गोड होता असं म्हणता येणार नाही.

"सोमवारी अंत्यविधी आहे," ते म्हणाले. "त्याआधी पाव तास वाजवा. एका बाजूने बांधून."

एका बाजूने म्हणजे काय ते तू विसरली नसशील. लोलकाला एकाच अंगाला चामडं, म्हणजे एक ठोका मोकळा आणि त्यामागून दुसरा दबका, जशी कुणी हाक मारावी आणि डोंगराने हळूच ओ द्यावी. गावातलं कुणीही गेलं तरी तसं वाजवतात. सिरिल गेला तेव्हा मात्र तसंही वाजवलं नाही. पाद्रीसाहेब म्हणाले होते, "ते आपल्या चर्चच्या मंडळीत नव्हते ना." मला तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. आता आहे.

"दोन्ही बाजूंनी का नको?" मी विचारलं. "राजा होता तो."

"होता. राज्य सोडल्यावर ड्यूक झाला, आणि गेला तो ड्यूक म्हणून. दोन्ही बाजूंनी बांधायचं ते तिघांसाठीच. गादीवर असताना गेलेला राजा किंवा राणी, आपले बिशप आणि..." इथे त्यांनी मान ताठ केली. "आणि त्या गावचा पाद्री. म्हणजे मी."

"त्याची काही घाई नाही, साहेब," आमचा विल्फ डॅग्नल म्हणाला. विल्फ एक्याऐंशीचा आहे, त्याला निम्मं ऐकू येत नाही, पण नेमकं उरलेलं निम्मं ऐकू येतं.

"आणि त्याच्या डोक्यावर मुकुट कधी ठेवलाच नाही," पाद्रीसाहेब म्हणाले.

"मुकुटाने राजा होतो की काय? माझ्या बोटात अंगठी रजिस्ट्रार कचेरीत घातली. मग मी सिरिलची बायको नव्हते का?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला त्यांची दाढ आडवी आली. गालाला हात लावून निघून गेले.

तुझं पत्र आज टपालात नव्हतं. इतक्यात येणार नाही, ठाऊक आहे. तरी बघितलं.

हेटी


नेदरकोट
४ जून १९७२

प्रिय ऑलिव्ह,

काल आयव्हीबरोबर बसने विंडसरला राजाच्या अंत्यदर्शनाला जाऊन आले. तू असतीस तर तुला नेलं असतं. तू नव्हतीस म्हणून तुझ्या वाटचं मीच बघितलं.

रांग किल्ल्याच्या उतारावरून खाली गावात उतरली होती. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, थर्मास आणले होते. आमच्या मागे लंडनची एक बाई होती, हातभर उंच टोपी घातलेली.

"कर्तव्य टाकून पळाला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्याच्या भावाला त्या ओझ्याने मारलं."

आयव्ही वळली. "मग तुम्ही सकाळपासून पाय कशाला मोडून घेताय इथे?"

"बघायला," ती बाई म्हणाली. "टाकलं ते टाकलं. पण दिसायला काय होता हो!"

पुढचा एक वेल्सचा म्हातारा हसायला लागला. खाणीतला माणूस, बोटांत कोळसा कायमचा बसलेला. तो म्हणाला, "आमच्याकडे आला होता छत्तीस साली. उपाशी माणसांकडे बघून म्हणाला, काहीतरी केलं पाहिजे. केलं काहीच नाही. पण तोवर आमच्याकडे बघून कुणी तेवढंही म्हणालं नव्हतं." आयव्हीने त्याला सँडविच दिलं.

आत गेल्यावर आयव्ही माझ्या कानात म्हणाली, "एवढासाच?" खरंच, पेटी लहान होती. वर झेंडा, त्यावर पांढरी फुलं, चार कोपऱ्यांना चार शिपाई माना खाली घालून. फुलं तिची, बायकोची, असं म्हणत होते. मला वाटलं होतं मला रडू येईल. मला राग आला. इतका राग की पाय तिथून हलेनात, शेवटी एका पहारेकऱ्याने "पुढे चला, बाईसाहेब" म्हटलं.

पस्तीस वर्षं त्या घराने तिला जेवायला बोलावलं नाही. आणि आता तिला राजवाड्यात पाहुणी म्हणून उतरवलंय. पेपरात आलंय की फ्रॉगमोरच्या बागेत, राजघराण्याच्या दफनभूमीत, त्याच्या शेजारी तिच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. ऐकतेस ना, ऑलिव्ह? राज्य बुडतं की काय असं ज्या बाईमुळे वाटलं होतं, तिला त्यांनी जागा दिली. त्यांचं आभाळ कोसळलं नाही. तुझं कसं कोसळेल?

मला दया नकोय. मला माझ्या आईच्या पायाशी वीतभर माती हवी आहे, आणि तिच्यावर माझा तुझ्याइतकाच हक्क आहे.

संध्याकाळच्या उपासनेनंतर मनोऱ्यात चढून चामडी बांधून आले. एका बाजूने. मी सांगितलेलं काम करते, ते तुलाही ठाऊक आहे.

हेटी


नेदरकोट
६ जून १९७२

प्रिय ऑलिव्ह,

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कुणी कळवायच्या आत मीच कळवते. आयव्हीची भाची तुझ्या सास्काटूनलाच असते आणि आयव्हीचा हात पत्र लिहिताना फार सैल सुटतो.

मी रविवारी चामडी बांधली होती. विल्फला ते माहीत नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा त्याचं न ऐकणारं निम्मं चालू होतं. सोमवारी सकाळी तो आमच्या आधी येऊन, या वयात, शिडीने घंटांपर्यंत चढला. लोलकांना चाचपून बघितलं तर एक अंग उघडं. बांधायचं राहिलंय असं समजून त्याने बिचाऱ्याने सहाही घंटांना त्या अंगाला चामडी बांधली. दुसऱ्या अंगाला आधीच आहेत हे त्याने बघितलंच नाही. म्हणजे दोन्ही बाजू बंद.

आम्ही सहाजण उभे राहिलो. मी दोर ओढला. आणि मोकळा ठोका आलाच नाही.

दूर कुठे कुणी गादी झोडत असावं तसा आवाज. एकामागून एक सहा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चूक झाली की मुकादमाने एकच शब्द म्हणायचा असतो, "स्टँड!" तो म्हटला की सहाही घंटा तोंड वर करून जागच्या जागी उभ्या राहतात. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता.

मी तो म्हटला नाही.

चूक विल्फची, थांबवलं नाही ती मी. हे मी सगळ्या गावाला सांगितलंय, तुलाही सांगते. सिरिलने शिवलेलं ते चामडं वर अंधारात एकेका ठोक्याला आवाज गिळत होतं, आणि मला वाटलं, फेब्रुवारीत जे द्यायला हवं होतं ते आज मिळतंय त्याला. राजाला दिलं तर तो ड्यूक होता म्हणतील. दिलं मी सिरिलला. राजाला वाटून घ्यायचं असेल तर त्याने खुशाल घ्यावं. मी रडत होते, दोर ओढत होते आणि मला अजिबात वाईट वाटत नव्हतं. पाव तास पुरा वाजवला.

आता बाहेर काय झालं ते ऐक. नेदरकोटच्या म्हाताऱ्या लोकांना घंटा कळतात. आयव्ही अंगणात वाटाणे सोलत होती. ती मला नंतर म्हणाली, "मी मोजलं. राणी विंडसरला, धडधाकट, रेडिओवर सांगताहेत. बिशपना परवा गाडीतून जाताना बघितलं. मग उरलं कोण? आणि रविवारी उपासनेला दुसराच कुणी आला होता! मी म्हटलं, गेले आपले लॅथबरी. दाढ डोक्यात गेली."

ती केक घेऊन पाद्रीसाहेबांच्या घरी धावली. तिच्यामागून आणखी लोक, काळे टाय शोधून, बागेतली फुलं ओरबाडून. कुणी तरी घंटी वाजवली. आणि दार उघडलं ते खुद्द पाद्रीसाहेबांनी. सुजलेल्या दाढेला शेक द्यायला हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं बांधलं होतं, प्रेताचा जबडा बांधतात अगदी तसं. आयव्हीने जी किंकाळी फोडली ती आम्हाला मनोऱ्यात ऐकू आली. केक पायरीवर उपडा.

एवढ्यावर भागलं असतं. पण फाटकाशी मागे उभ्या असलेल्यांना दार उघडलेलं दिसलं नव्हतं. तिथून एकाचा आवाज स्पष्ट आला, "वाईट झालं हो. पण निदान पुढचा तरी प्रवचन आवरतं घेईल."

दुपारी ते माझ्याकडे आले. फडकं तसंच. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"मिसेस ब्रँडन, चर्चच्या मासिकात तुम्ही माफी छापायची. चूक झाली म्हणून."

"चूक विल्फची होती आणि ती मी छापणार नाही. थांबवलं नाही ते मी, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार?"

"छापते ना. 'सिरिल ब्रँडन, खोगिरं शिवणारा, याच्यासाठी त्याच्या बायकोने वाजवली. चामडी त्याचीच होती.' छापा."

"तुमच्या यजमानांसाठी घंटा वाजली नव्हती का?"

"तुम्हीच म्हणालात, ते आपल्या मंडळीत नव्हते."

ते खिडकीकडे वळले. मी गप्प बसायला हवं होतं, पण मला कुठे येतं ते.

"तुमच्या मुलीचं एक जुलैला लग्न आहे," मी म्हणाले. "राजाच्या बायकोला राजाशेजारी जागा मिळते आणि माझ्या नवऱ्याला बहिणीच्या सहीवाचून मिळत नाही, असं असेल, तर त्या दिवशी माझे हात दुखतील. विल्फचेही दुखतील. सहाही जणांचे दुखतील, मी विचारून ठेवलंय."

"हा संप झाला, मिसेस ब्रँडन!"

"संप खाणकामगारांनी केला. हे हात दुखणं आहे."

तेव्हा ते खुर्चीवर बसले. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "आज पाव तास मी मेलो होतो. एकाचाही डोळा ओला झाला नाही."

"आयव्हीने केक आणला की."

"तो मी चाखून बघितला," ते म्हणाले, आणि हसले, आणि हसल्यावर दाढ कळवळली. मग म्हणाले, "मला तुमच्या गोष्टीत हट्ट करायचा नव्हता. दोन बहिणींच्या भांडणात चर्चने पडायचं नसतं, एवढंच मी शिकलोय. बहिणीला अजून एकदा लिहा. उत्तर आलं की मला दाखवा. मग ठरवू."

हे पत्र म्हणजे ते अजून एकदा लिहिणं. धमकीने मागते आहे असं वाटत असेल तर तसंच आहे. गोड बोलून पस्तीस वर्षांत काय मिळालं?

आणि भिऊ नकोस. काल रात्री आई-बाबांच्या कबरीवरचं गवत कापून आले, तुझ्या बाजूचंही.

हेटी


नेदरकोट
२५ जून १९७२

प्रिय ऑलिव्ह,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाच पानं! तुझ्याकडून पाच पानं कधी आली नव्हती. पोस्टमनने दारात देताना विचारलं, "कुणी गेलं का?"

तू लिहितेस, बाबा कबरीत कूस बदलतील. बदलू देत. एकाच कुशीवर झोपून तेही कंटाळले असतील. तू लिहितेस, राजाची गोष्ट वेगळी होती, ते प्रेम होतं. मी पत्र खाली ठेवून मोठ्याने हसले. आणि आमचं काय होतं, ऑलिव्ह, सुतारकाम? फोटो अजून आहे आणि त्याला तू काळी फीत लावलीस हे लिहिलंस, त्याबद्दल मात्र तुझी पप्पी घेते. खरं बोललीस.

आणि चौथ्या पानावर तू खरं कारण लिहिलंस. कॅनडाच्या मातीत तुला जायचं नाही. तुझा नवरा हॅरॉल्ड तिथे पुरलाय, तरी तुला जायचं नाही. आईजवळची ती जागा तू मनात तुझ्यासाठी धरून ठेवली आहेस, आणि जन्मभर ज्याच्याशी बोलली नाहीस त्याच्याशेजारी कायमचं पडून राहायची तुला भीती वाटते. हे मला आजवर कळलं नव्हतं. मला वाटायचं तू त्याला बाहेर ठेवते आहेस. तू तर आत यायला बघत होतीस. कळल्यावर मी ते पान घेऊन सिरिलच्या बाकाशी बसले आणि खूप रडले, तुझ्यासाठी. मग डोळे पुसून पाद्रीसाहेबांकडे गेले, कारण रडून जागा मिळत नाही.

त्यांनी चष्मा लावून शेवटचं पान दोनदा वाचलं.

"काय लिहिलंय पाहिलंत?" ते म्हणाले. "'मी हो म्हणणार नाही.'"

"वाचलंय मी. म्हणजे नाहीच झालं."

"छे. हो म्हणणार नाही, असं म्हणाल्या आहेत. नाही, असं कुठेच म्हणाल्या नाहीत. पाच पानांत एकदाही." आणि त्यांनी चष्मा काढला. "मला संमती हवी होती ती पुढे कुणी तक्रार करू नये म्हणून. तक्रार करणारी बाई असं वाक्य लिहीत नाही. शनिवारी दहा वाजता चालेल?"

मी घरी येऊन ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. शाळेत व्याकरणात तू पहिली यायचीस, मी शेवटून दुसरी. माझ्या हातून असं वाक्य चुकून झालं असतं. तुझ्या हातून होत नाही. मी तुला विचारणार नाही आणि तू सांगू नकोस.

काल सकाळी केलं. दिवसाढवळ्या, पुढच्या फाटकातून. डबा मीच उचलून नेला, विल्फला देऊ केला नाही, तो पडला असता. पाद्रीसाहेबांनी सगळी प्रार्थना वाचली, एक ओळ गाळली नाही, आणि "आमचा बंधू सिरिल" असं म्हणाले. आमचा. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते पुस्तकात बघत होते. आयव्ही होती, विल्फ होता, घंटावाले सगळे होते. मग आम्ही वर जाऊन वाजवली. एका बाजूने बांधून, गावातल्या कुणाही माणसासाठी वाजवतात तशी. मला आता त्याहून जास्त नको होतं.

दगडावर बाबांच्या नावाखाली त्याचं नाव कोरायला सांगितलंय. त्याखाली माझ्यापुरती जागा, आणि त्याखाली तुझ्यापुरती. सगळ्यांत खाली आहे म्हणून कुरकुर करू नकोस, तू उशीर केलास. त्याच्याशेजारी पडायला भीती वाटते म्हणतेस, तर मी मधे पडेन. लहानपणी वादळात तू भिंतीकडे झोपायचीस आणि मी तुझ्या आणि दाराच्या मधे, तशी. तो घोरत नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

पण एक गोष्ट ऐक. विंडसरला त्या रांगेत उभी असताना मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, ते तेव्हा लिहिलं नव्हतं. त्याने घरी यायला पस्तीस वर्षं लावली, आणि आला तेव्हा त्याला कुणी "ये, बस, चहा घे" म्हणू शकलं नाही. त्याच्या माणसांनी ज्या गोष्टी बोलायला हव्या होत्या त्या सगळ्या एका झेंड्याखाली पेटीत गेल्या. मी तुझ्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. तुझ्यासाठी दगडावर जागा ठेवली आहे ती अगदी शेवटी लागणार. त्याआधी या घरात एक पलंग आहे, खिडकीजवळचा, तुझाच. सप्टेंबरात ये. भांडायला ये. बाबांची बाजू घेऊन माझ्याशी तोंड सुजेपर्यंत भांड, सिरिलला नावं ठेव, पण त्याचं नाव घेऊन ठेव. मी चहा करीन आणि एकही शब्द ऐकून घेणार नाही.

पेटीतून आलीस तर दार उघडणार नाही, ऑलिव्ह. पायांनी चालत ये.

तुझी
हेटी